डोंगरानं फिरवलेली सुई

उनिया, १८ मार्च

प्रिय एलोईदादा,

तिकडे लिफू बेटावर तू खुशाल असशील, आणि माझा फोन वाजला की तो पालथा घालून ठेवत असशील. ठेव! पत्र काही वाजत नाही, ते उघडावंच लागतं. इकडे सगळे मजेत. माझ्या नवऱ्यानं, आन्सेल्मनं, छप्पर घालताना स्वतःच्या अंगठ्यावर हातोडा मारला आणि असा बोंबलला की सासूबाईंची कोंबडी अंड्यांवरून उठली.

एका कामासाठी तू यायला हवास. काम शेवटी सांगते, आधी बातमी ऐक.

मला नोकरी लागलीय! राजधानीतून, नूमेआहून, सोलांजबाई डोंगरातल्या दगडांचा नकाशा करायला आल्यात. त्यांच्याबरोबर मी दगड गोळा करत फिरते. मध्ये काही महिने सुट्टी घेतली, ती का तेही सांगेन.

नोव्हेंबरात आम्ही त्या खिंडीत गेलो होतो. कुठली ते तुला कळलंच. बाईंनी विचारलं, "रोझीन, उत्तर कुठे?" मी होकायंत्र बघून हात केला.

"अगं बाई, समुद्र तर पूर्वेला! तिकडे कसं दाखवतेस?"

दहा पावलं सरकले, तर सुई आणखी भलतीकडे! मग त्यांनी माझ्या हातात सारख्या आकाराचे दोन दगड दिले. एक काळपट, चांगलाच जड. दुसरा हिरवा, तुकतुकीत, हलका, चाकूनं सहज ओरखडा उठणारा.

"दोघं सख्खे भाऊ," बाई म्हणाल्या. "हा काळपट पृथ्वीच्या पोटातून आला तसाच राहिला. हा हिरवा मात्र पाणी प्यायला. पिऊन फुगला, हलका झाला, मऊ पडला. त्याच्यातल्या लोखंडाचे काळे कण झाले, तेच सुईला ओढतात."

त्यांनी लोहचुंबक लावला. हिरव्याला टक्कन चिकटला, काळपटाला चिकटेना. दादा, मला माझं लग्न आठवलं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या लग्नाला तू माहेरच्या चौदा जणांना याम कंदांच्या टोपल्यांसकट याच खिंडीतून आणत होतास. वादळानं वाट वाहून गेलेली, वर ढग. तू तुझं सैन्यातलं होकायंत्र धरलंस आणि सगळी वरात भलत्याच गावात उतरली! त्यांनी रिवाजाप्रमाणे उभं राहून तुमचं स्वागत केलं, भाषणं केली, मग नुसतं कसं निघायचं म्हणून तुम्ही निम्मे याम तिथेच वाहिलेत. आमच्याकडे पोचलात दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर.

"सुई फिरली," तू म्हणालास.

आणि मी दोन्ही कुळांसमोर म्हणाले, "सुई कसली, बाटली फिरली."

सगळे हसले. तू त्याच आठवड्यात लिफूला गेलास.

ही गोष्ट लिहायला मला चार महिने लागले, कारण खरी लाज वेगळीच आहे. तू माझ्या गालाला गाल लावलास तेव्हा दारूचा वास आला नव्हता. मला माहीत होतं, दादा. माहेरची जागा रिकामी राहिली म्हणून मी जळत होते, आणि कुणाला तरी जाळायचं होतं.

परवा रविवारी, नव्या यामच्या सणाला, मी सगळ्यांसमोर माफीच्या रिवाजाप्रमाणे कापड आणि तंबाखू खाली ठेवून उभी राहिले. म्हणाले, "माझा भाऊ प्यायला नव्हता. प्यायला होता तो डोंगर. मी खोटं बोलले." मग होकायंत्र घेऊन पुरुष मंडळी खिंडीत गेली. सासरे हसत हसत परतले, "अरे, आम्ही चौघांनी चार उत्तर दिशा काढल्या! बोलवा त्या पोराला."

आता काम. तुला भाची झालीय. बेचाळीस दिवसांची आहे, नाक अगदी तुझं, बिचारीचं! सासूबाई म्हणतात, "बाळाच्या कानात मामाची पहिली फुंकर तर हवीच. चुलतमामा घालेल, किती थांबायचं?" मी म्हटलं, सख्खा मामा असताना माझ्या लेकीच्या कानात दुसऱ्याचा श्वास जाणार नाही. नाव ठरलंय, पण अजून कुणीही मोठ्यानं उच्चारलेलं नाही. ते आधी तुझ्या तोंडून तिच्या कानात जायचंय.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी आणि तो चारचौघांत परत घेतलेली बहीण,
रोझीन

आणि मामाच्या फुंकरीवाचून अडून बसलेली, अजून बिननावाची,
तुझी भाची