सुनेचं खमीर

आत्याबाई, आज दुपारी गाडग्याला कान लावून बसले होते. आत खमीर बारीक बुडबुडत होतं, झोपेत तान्हं लेकरू ओठ चाळवतं तसं. ऐकता ऐकता डोळा लागला आणि तुमच्या बांगड्या वाजल्यासारखं वाटलं. नात हसली, आजी गाडग्याशी बोलते म्हणाली. बोलते तर बोलते, तिच्या बापाचं काय जातंय. तिच्याच वहीचं पान फाडून हे लिहितेय.

रझाकारी संपली त्याच्या पुढच्या साली मी तुमची सून होऊन आले. चुडाव्याला रेल्वेतून उतरले, पुढं बैलगाडी. मेंढरं कातरायला भाऊबंद जमले की तुम्ही ज्वारीची दारू लावायच्या. ज्वारीला मोड आणून, वाळवून, भरडून तिची पेज करायची आणि ती निवली की आंबवायला खमीर. तुमच्याकडं दोन खमिरं, दोन गाडग्यांत, रांजणाखालच्या ओल्या वाळूत. एक तुमच्या आईचं, माहेराहून आणलेलं. ते दोन दिवस मुकाट बसायचं, मग हळूहळू चढायचं, आणि कितीही गूळ घाला, शेवटपर्यंत ओढायचं, गोडी म्हणून उरू द्यायचं नाही. त्याची दारू लय कडक. दुसरं शेजारणीकडचं. घटकेत फसफसून उतू जायचं, तिसऱ्या दिवशी थकायचं, दारू गोडच राहायची. त्याला तुम्ही ‘सून’ म्हणायच्या, चारचौघांत. मीही हसायची, पण आतून जळायची.

शिकवलंत मात्र हात धरून. “एकदम समदा गूळ घालू नको, त्याचा जीव दडपतो. रोज मूठ मूठ दे,” म्हणायच्या. मला कुठला एवढा दम.

आपला मुलूख मुंबई राज्यात गेला त्या साली तुम्ही अंथरूण धरलंत. तिकडची दारूबंदी आता इकडंबी येणार, अशी बोलवा होती. तुम्हाला त्याचं काही नव्हतं, घोर एकच, आईचं खमीर तुमच्या माघारी जगेल का. ते गाडगं तुम्ही माझ्या ओटीत घातलंत. आठ दिवसांत मी ते मारलं. पेज निवली का ते बोट बुडवून बघायचं असतं. मला भाकरी टाकायची घाई, ओतली तशीच खमिरावर, वाफ निघत असताना. दुसऱ्या दिवशी कान लावला, आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही आतून विचारलंत, कसं हाय? मी म्हणाले, झ्याक हाय.

मग त्या ‘सुने’लाच हाताशी धरलं. गार राहून दमानं चढावं म्हणून गाडग्याला ओलं फडकं गुंडाळायचं, वरचा उतावळा फेस काढून फेकायचा आणि शेवटपर्यंत तळाशी टिकेल तेवढंच खमीर पुढच्या खेपेला घ्यायचं. दर खेपेला गूळ मूठभर जास्त. पहिल्या दोन खेपा गोडच राहिल्या. चार महिने हेच चाललं, चोरून, तुमचा डोळा लागला की.

कातरणी आली. मी नव्या दारूची वाटी घेऊन तुमच्या उशाशी बसलेय, हाताला पीठ तसंच आहे. तुम्ही घोट घेता, डोळे मिटता. अंगणात मेंढरं ओरडतायत. तुम्ही आणखी एक घोट घेता.

“हे माझ्या आईचं. राखलंस गं पोरी.”

तुमचा हात माझ्या डोक्यावर आला. मी हूं म्हणाले. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात, सुखानं गेलात.

ते तुमच्या आईचं नव्हतं, आत्याबाई. ती ‘सून’ होती. दारूबंदी आली, दारू लावणं कधीच बंद पडलं, तरी मी त्याला पेज-गूळ देत राहिले. घरात सगळे त्याला तुमच्या आईचं खमीर म्हणतात आणि मी मान डोलावते.

हे पान कुठं धाडायचं नाही. चुलीतच घालीन. पण एक राहिलंच. तिसऱ्या दिवशीही तुमच्या आईचं गाडगं गप्प होतं ना, तेव्हा रडू यायच्या आधी, घडीभर मला बरं वाटलं होतं.