खुर्चीला न खिळलेल्या माणसाचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाय आणि गुडघे पन्नास वर्षे रजेवर आहेत; तेव्हा नमस्कार षडंग समजावा. खोटे लिहिण्याची मला सवय नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे मुळीच त्रास देत नाहीत.

सोबत वर्तमानपत्राचे कात्रण जोडले आहे. वाचण्यापूर्वी चष्मा काढलास तर उत्तम. एकतीस वर्षे मी चाकांच्या खुर्चीतून शर्यती धावलो. ('धावलो' हेच क्रियापद योग्य; ज्याला आक्षेप असेल त्याने मला गाठून सांगावे. तू त्यांतली एकच शर्यत पाहिलीस, त्याविषयी शेवटी.) आणि एकतीस वर्षे हे वर्तमानपत्र मला 'खुर्चीला खिळलेला' म्हणत आले. खिळण्यास खिळा लागतो, खिळलेली वस्तू हलत नाही आणि उतारावर माझी खुर्ची संपादकांच्या मोटारीपुढे गेलेली आहे, हे मी अकरा पत्रांतून सप्रमाण कळवले. दहा छापली नाहीत. अकरावे छापले, ते 'हरवले आहे' या सदरात.

यंदा खांदे झिजले आणि अस्थितज्ज्ञाने शर्यती बंद केल्या. तुझे चिरंजीव म्हणाले, "मामा, आता कॅरम खेळा की!" त्याच संध्याकाळी मी तलवारबाजीत नाव घातले. या खेळात दोन्ही खुर्च्या समोरासमोर लोखंडी चौकटीत स्क्रूंनी आवळतात. मागे सरता येत नाही, पुढे जाता येत नाही. जो पराक्रम करायचा तो कमरेच्या वर. म्हणजे जन्मात प्रथमच मी शब्दशः खिळलो, आणि नेमका हाच मुहूर्त साधून या विद्वानांनी छापले: 'वाऱ्याशी शर्यत लावणारे आजोबा तलवारबाजित'! ('जि' ऱ्हस्व! खाली 'शारिरीक'. दोन्ही वेलांट्यांनी जागा बदलल्या. खेळ बदलण्याची साथ तिथवर पोहोचलेली दिसते.)

पहिल्या सरावसामन्याचे वृत्त माझ्याकडूनच ऐक, चिरंजीव तिखटमीठ लावतील. समोर एक शिंपी होता, चाळीस वर्षे सुईत दोरा ओवलेला माणूस. पंच म्हणाले, "चला!" आता 'चला' हे गतिवाचक क्रियापद. मी त्याचा मान राखला. तलवार टाकून दोन्ही हातांनी चाके हाणली. खुर्ची तसूभर हलली नाही आणि शिंप्याने मला टाचले. पंच पुन्हा म्हणाले, "चला!" असे पाच वेळा. प्रशिक्षिका (वय चोवीस, व्याकरण शून्य) ओरडत होती, "आजोबा, चाकं सोडा!" एकतीस वर्षांची सवय आज्ञार्थाने सुटत असती, तर जगात एकही विडी उरली नसती. शेवटी शिंपी म्हणाला, "काका, आज नुसतं माप घेतलं. रविवारी शिवून देतो."

रविवारी सकाळी दहाला त्याच्याशीच निवडीचा सामना आहे. हरलो तर संघात जागा नाही. मग आहेच कॅरम. पंचांनी 'सुरू करा' म्हणावे, असा लेखी अर्ज दिला आहे. ते हसले. माणसे हसतात, शब्दकोश उघडत नाहीत.

चिरंजीवांस आशीर्वाद आणि एक शुद्धलेखनाचे पुस्तक.

तुझा,
धाकटा

ता. क. कात्रण परत पाठव. बारावे पत्र लिहायचे आहे.

आणखी ता. क. तू माझ्या पहिल्या शर्यतीला आलीस, वळणावर मी उलथलो, आणि "तुला पडताना मला नाही बघवत" म्हणून जी गेलीस, ती पुन्हा फिरकली नाहीस. आता खुर्चीला चार स्क्रू असतात. मी स्वतः हलवून पाहिले. पडण्याची सोयच नाही. तेव्हा तुझी सबब रद्द समजावी. गुडघे दुखत असतील तर सावकाश ये. मी कुठे जात नाही. खिळलेला आहे.