भेंडीच्या बांधावरचा वर्ग

प्रिय बालमित्र पोपट यास येसाजीचा कडकडून रामराम. आपल्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्याचा तो लांबत जाणारा टणत्कार परवा पहाटे कानांत घुमला आणि मी अंथरुणातच कविता म्हणायला उभा राहिलो. (पाहतो तर सूनबाई छाया घमेलं बडवून तोडणीच्या बाया गोळा करत होती.) तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि मोहोपाड्याची हवा, तिन्हींना उतार असेलच.

इकडे यंदा आमच्या शेतकरी गटाची भेंडी परदेशी निघाली आहे. व्यापाऱ्याची अट अशी, की गटातल्या प्रत्येकाने फवारणीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय माल उचलायचा नाही. प्रशिक्षण खालापुरात आणि तेही सकाळी! भेंडी सकाळीच तोडायची, कर्जतचा टेंपो आठला सुटणार, आणि एक तोडा चुकला की तीच कोवळी भेंडी जून होऊन बसते. (तिला सरकारी वेळापत्रक कोण समजावणार?) छाया म्हणाली, "आमाला जायला येळ नाय, तर वर्गच हितं आणा की!" मग मी शिकवणाऱ्या जागृती मॅडमना गाठलं आणि इतकं अलंकारिक बोललो, की त्या सुटका करून घेण्यासाठी हो म्हणाल्या.

काय तो वर्ग भरला रं! बाया सरीत भेंडी तोडतायत, मॅडम बांधावरून भंगारवाल्याचा भोंगा घेऊन शिकवतायत. ध्यानात राहावं म्हणून मी नियम कवितेत बसवले: 'वाऱ्याकडे पाठ करा, नाकावरती फडकं धरा.' चालीवर हात असे झपाझप चालले, की वाडीवरचा जैतू मान डोलावत शेजाऱ्याच्या सरीत शिरला आणि त्याची भेंडी तोडून मोकळा झाला. माझे तर डोळे भरून आले.

तोंडी परीक्षाही तिथेच. सगळे पास! पण सातबारा माझ्या नावावर, म्हणून मलाही उभं केलं. मॅडमनी विचारलं, फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं तर काय कराल? माझ्या मनात त्या क्षणी गुराख्याची बासरी वाजत होती. म्हणालो, "हलकेच फुंकर घालायची."

रान हसलं. छाया ओरडली, "आवो आबा, औषध हाय त्यात! तोंड नाय लावायचं, पाण्यानं धुवायचं!"

तर मी एकटा नापास, आणि माझ्यापायी अख्ख्या गटाची भेंडी अडली. सोमवारी व्यापाऱ्याची गाडी येणार आहे. बाकी सर्व आनंद.

तुझा,
येसाजी

ता. क. : खरं काम पुढेच आहे. मॅडमनी फेरपरीक्षेला बोलावलं, तर मी 'वेळ नाही' असं कळवून बसलो. (मी! दिवसभर झोपाळ्यावर असणारा!) पुन्हा भर रानात हसं नको. तू फार आजारी असल्याचा निरोप धाड, म्हणजे तुझ्याकडे येऊन गुपचूप पाठ करतो आणि रविवारी परततो.

ता. क. दुसरा : आजारी पडू नकोस. आत्ताच दारात स्कूटर थांबली. जागृती मॅडम हेल्मेट काढून विचारतायत, "आबा, तुम्हाला वेळ नाही म्हणे, म्हणून मीच आले. बसू?" हातात तुंबलेलं नोझल आहे. मागच्या दारात छाया उभी आहे.