फेरी संपेपर्यंत

३ तारीख
आलो बुवा एकदाचे! नोकरी लागली, दोन खोल्यांचं घरही मिळालं. खिडकीतून दिसतं ते दुष्काळात मेलेल्यांचं दफनस्थळ. ही म्हणाली, शेजारी कटकटे नाहीत तेच बरं. आठ महिन्यांची छकुली नव्या फरशीवर भरभर रांगतेय. माझं काम सोपं: ते बघायला येणाऱ्यांना तिथे फिरवून माहिती सांगायची. जुने गाईडकाका निवृत्त होताना एकच बजावून गेले, फेरी संपेपर्यंत गाईडनं तोंडात काही घालायचं नाही. का, ते सांगितलं नाही. मीही मान डोलावली. जिभेचे चोचले पुरवण्यात आमचा जन्म गेला, हे त्यांना कुठे ठाऊक!

९ तारीख
आज चुकलंच. दुपारची फेरी लांबली, पोटात कावळे ओरडत होते. लहान मुलं पुरलेल्या खड्ड्यापाशी उभा राहून, ती मुलं भुकेनं माती चाटत कशी मेली हे सांगता सांगता मी खिशातली बिस्किटं खात होतो. बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या आजीची दोन भावंडं तिथेच पुरलेली. माझ्याऐवजी त्यांनीच मान खाली घातली. सांडलेला चुरा मी बुटानं मातीत दडपला. घरी हिला सांगणार होतो, पण जीभ रेटली नाही.

११ तारीख
नुसती भूक. कितीही जेवलो तरी पोटाला पत्ता नाही. ही म्हणते, इथली हवा मानवलेली दिसते. वजन मात्र चार किलोनं उतरलंय.

१४ तारीख
ही पाणी आणायला उठली, तेवढ्यात तिच्या ताटातला पाव उचलला. तिनं पाहिलं. लाजेनं मेलो. तरी चावत राहिलो.
मग खड्ड्यापाशी गेलो. माफी मागितली, पिशवीभर पाव तिथे ओतला. थोडा वेळ थांबलो. मग मीच — गुडघ्यांवर बसून — मातीसकट.

१६ तारीख
छकुलीचं दूध प्यालो. तिच्या हातातली बाटली ओढून. हिला सांगितलं, सांडलं. असला बाप —

१७ तारीख, सकाळ
काकांना फोन करून सगळं कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं, घरात मूल आहे का. म्हणाले, दोघींना आजच हलवा. त्यांच्या आधीच्या गाईडलाही मूल होतं — आणि फोन ठेवला.

दुपार
हिला म्हटलं, माहेरी जा. कारण सांगायला लाज आड आली. चिडली. तरी गाडी बघायला गेली — छकुलीला माझ्यावर सोपवून.
मी आतल्या खोलीत. कडी लावलीय. पलीकडून इवल्या हातांच्या थापा. बा-बा म्हणतेय. पहिल्यांदाच. तोंडाला पाणी — नाही, डोळ्यांत, डोळ्यांत पाणी —
ही अजून आली नाही.
कडीवर हात आहे. माझाच. मी नाही ठेवला — छकुले, मागे हो, मागे —