एका म्यानात दोन सिस्टिमी

ती. साडूभाऊंना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे सध्या अर्धाच समजावा, उरलेला भेटीत पुरा करीन.) ताईंच्या पायाचं प्लास्टर कसं आहे? आत खाज सुटत असेल तर विणायची सुई घालू देऊ नका, असं आमच्या शेजारच्या नर्सबाईंनी मुद्दाम सांगितलंय. तुमची रक्तदाबाची गोळी, सकाळचं फिरणं आणि बागेतल्या बाकावरची वादावादी नियमित चालू असेलच. आमच्या हिला ताईंच्या मदतीला तुमच्याकडे पाठवून मी इकडे अगदी मजेत आहे. म्हणजे परवापर्यंत होतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तुमच्याकडे कुठलाही फोन वाजला की हीच उचलते, आणि ही हकिगत तिच्या कानावर जाता कामा नये. (पाकिटावर म्हणूनच 'निवृत्त कर्मचारी संघ' असं लिहिलंय. ते नाव वाचून आजवर कुणी पाकीट उत्सुकतेनं उघडलेलं नाही.)

तर गोष्ट हिच्या लॅपटॉपची. त्यात हिची लहान मुलांसाठी रचलेली शब्दकोडी आहेत, सगळ्या पुस्तकाची, आणि तुमच्याकडून परत आल्या आल्या ती छापखान्यात द्यायची आहेत. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तुम्ही मला ओळखता. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी; बंद झाकण दिसलं की माझे हात शिवशिवतात. त्यात आमच्या दुकानात पट्टा बदलायला दातांचे डॉक्टर आले आणि बोलता बोलता म्हणाले की, एकाच लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिमी सुखानं राहू शकतात. सुरू करताना तो आपल्यालाच विचारतो, आज कोणती हवी? मी थक्क झालो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण रचणाऱ्यानं लॅपटॉप पाहिला नव्हता, असं मी त्यांना म्हणालो. (हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.)

या कामाला पेनड्राइव्ह लागतो. आमचा पेनड्राइव्ह बटणांच्या डब्यात असतो. तो तिथं नव्हता. डबा पलंगावर ओतला, तरी नाही. (बटणं अजून अंगाखाली टोचतायत.) शेवटी डॉक्टरांनीच त्यांच्या पेनड्राइव्हवर लिनक्स भरून दिलं. लॅपटॉपला लावल्यावर त्यानं अदबीनं विचारलं, विंडोजच्या शेजारी बसू की सगळं पुसून ऐसपैस बसू? अहो, इतकं तर मलाही कळतं! शेजारीच बस बाबा, म्हटलं. बसला. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि आता तो मला काय विचारतो म्हणून खुर्ची पुढे ओढली. त्यानं काहीच विचारलं नाही. थेट लिनक्स! विंडोजचं नावनिशाण नाही. ज्याला ओटीवर टेकायला जागा दिली, त्यानं घराला आपल्या नावाची पाटी लावली होती.

पण साडूभाऊ, काय दिसलं म्हणून सांगू! सुरू होताना पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत जातात. कीबोर्ड सापडला, पंखा सापडला, वेळ लावली, असं जे जे आत घडतं ते ते सांगत जातो बिचारा. मागचं झाकण काढून चालतं घड्याळ बघावं, तस्सं. ते बघण्यासाठी मी लॅपटॉप कितीतरी वेळा उगाचच बंद-चालू केला. मग हिची कोडी आठवली आणि भानावर आलो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. माझ्या उस्तादांनी तो टपला मारमारून शिकवला होता: जे शेवटी बसवलंस ते आधी काढ. उलट्या क्रमानं गेलं की घड्याळ पुन्हा पहिल्यासारखं होतं. लॅपटॉपमध्ये शेवटी काय बसवलं? लिनक्स. म्हणून पेनड्राइव्ह पुन्हा लावला आणि लिनक्सचा सगळा भाग एका फटक्यात काढून टाकला. फार हुशारीनं हसलोसुद्धा. पुन्हा सुरू केला, तर काळा पडदा आणि त्यावर दोनच शब्द, 'ग्रब रेस्क्यू'. रेस्क्यू म्हणजे सुटका, एवढं इंग्रजी मला येतं. मी 'हेल्प' असं टाइप केलं. उत्तर आलं, हा हुकूम मला माहीत नाही. सुटकेला आलेल्या माणसाला मदत हा शब्दच ठाऊक नाही, आता बोला!

डॉक्टरांना फोन लावला. ते आधी पोट धरून हसले, मग त्यांनी समजावलं. लिनक्स आपल्याबरोबर ग्रब नावाचा एक दरवान आणतं आणि घर बांधून झाल्यावर अगदी शेवटी त्याला दारात उभं करतं. मी घर पाडलं आणि दरवानाला तसाच ठेवला. तो आता नसलेल्या घराची वाट शोधत दारात अडून बसला होता. म्हणजे उस्तादांचा नियम शंभर टक्के खरा. शेवटी काय बसवलं, हेच मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लॅपटॉप सुरू होताना वरच्या ओळीतलं एक बटण टपाटप दाबत राहिलो. एक छोटी यादी आली, तिच्यात विंडोजचं नाव! निवडलं, आणि दरवानाला वळसा घालून मी आत. हिचा पडद्यावरचा सूर्यफुलाचा फोटो दिसला तेव्हा कंबर विसरून नाचलो. मग फोटोवरचं 'कोडी' नावाचं फोल्डर उघडायला गेलो, तर ते नाही. कुठेच नाही. कोपरान् कोपरा धुंडाळला, कचऱ्याचा डबासुद्धा. ही जेवताना घास हातात धरून 'उभा शब्द, शेवटी ळ' असं पुटपुटायची आणि मी तिची चेष्टा करायचो. ते सगळं मी पुसून टाकलं, साडूभाऊ. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

असो. वडीलधाऱ्यांना नमस्कार, म्हणजे तुम्हालाच, कारण तुमच्या घरात तुमच्याहून मोठं फक्त ते कपाट आहे.

तुमचा,
तोंड लपवायला जागा शोधणारा साडू

ता. क. : मुख्य मुद्दा राहिलाच. हाडांच्या डॉक्टरांना गाठून ताईंचं प्लास्टर आणखी आठवडाभर ठेवायला सांगता येईल का? पाय जितका पक्का जुळेल तितका चांगला. यात माझा काहीएक स्वार्थ नाही. फक्त तोवर हिला सोडू नका.

ता. क. २ : चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलंय. आत्ता हिचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "लॅपटॉप चालू होतो ना?" मी म्हटलं, होतो. (खरंच होतो.) "आणि माझं फोल्डर शोधून झालं?" मी 'हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही' सुरू केलं. तर म्हणते, "ते माझ्या पर्समध्ये आहे, बटणांच्या डब्यातल्या पेनड्राइव्हवर. नुसती कॉपी नाही, तिथून उचलूनच आणलंय. मूळ प्रत तुमच्या हाताशी ठेवून कोण जाईल? काय उघडलंत ते आल्यावर सांगा." एवढा अपमान होऊन इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. हाडांच्या डॉक्टरांना आता काही बोलू नका आणि ताईंचा पाय लगेच मोकळा करा. हिच्याशिवाय घर खायला उठतं.

ता. क. ३ : तुमचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा उकळून निवतो, असं ही सहज बोलून गेली. येताना तो तिच्याबरोबर पाठवून द्या. आता मला क्रम पाठ झालाय. त्यातलं जे काही जपायचं असेल, ते तेवढं हिच्या पर्समध्ये टाका.