फाटकावरचा इंजिनिअर

गिंबाल, ६ एप्रिल १९९२

चि. टोटोस नानायचे अ. उ. आशीर्वाद, आणि पत्र न पाठवल्याबद्दल दोन धपाटे.

इकडे सर्व क्षेम. बातमी अशी, की तुझा फलक लागला. पिवळ्या कापडावर लाल अक्षरं: 'अभिनंदन, इंजि. हर्मोहेनेस पलाब्रिका'. परीक्षेचा निकाल अजून यायचाय हे मला कळतं, शिकवू नकोस. पण गावजत्रेच्या, फिएस्टाच्या तोंडावर पेंटर हाती लागत नाही, आणि शेजारच्या मानांग पुरिंगने लेक हेड नर्स झाल्याचा फलक पार आपल्या फाटकापर्यंत ताणलाय. थांबले असते तर तुझ्यासाठी वीतभर जागा उरली नसती. लेकीने रियाधहून पैसे पाठवले, त्यातून घेतलेला फ्रिज पुरिंगने बैठकीत दारासमोर मांडलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन बघून आले. आत नुसता बर्फ आहे.

आता बाजारात मला लुझविमिंदा कोणी म्हणत नाही. 'इंजिनिअरची आई' म्हणतात, कोळीणसुद्धा. बरं वाटतं रे ऐकायला. फिएस्टाला सरपंच तुला व्यासपीठावर बसवणार आहेत. इतक्या दिवसांनी घरी येतोयस, केस कापून ये.

लोभ आहेच, फलकामुळे जरा वाढलाय.
तुझी नानाय


मनिला, १९ एप्रिल

ती. नानायस, तुझा हात कपाळाला लावून टोटोचा न. वि. वि.

फलकाचं वाचलं. निकाल लागलाय. मी नापास झालो. एखाद्या विषयात नाही, सगळ्यातच थोडा थोडा. रडून झालं, आता बरा आहे. एका बेकरीत लागलोय. पहाटे पांदेसाल भाजतो. गरम पाव घ्यायला पोरंटोरं रांग लावतात, ते बघायला मला आवडतं. परीक्षा पुन्हा देईन की नाही, खरंच ठाऊक नाही.

फिएस्टाला येतो. तुझ्या हातचं फणस घातलेलं डुकराचं कालवण खावंसं वाटतंय. फलक तेवढा उतरव.

लोभ नापासावरही असावा.
टोटो


गिंबाल, २७ एप्रिल

चि. टोटोस आशीर्वाद.

पत्र तुझ्या बापाला, तातायला वाचून दाखवलं. तो म्हणाला, फलक काढून टाकू. मी म्हटलं, हो, आणि त्याची घडी व्हायच्या आत पुरिंग गावभर सांगून येईल.

तेव्हा असं कर. तू ये, फक्त फिएस्टापुरता इंजिनिअर राहा. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. काखेत कागदाची गुंडाळी धर. कोणी पुलाबद्दल विचारलं तर नदीकडे बघून नुसतं हूं म्हण. सरपंच गटार दाखवतील, तेव्हा उतार कमी पडलाय म्हणून सांग. कुठल्याही गटाराला ते लागू पडतं. बेकरीचं नाव काढू नकोस, आणि पिठाचे बूट तिकडेच ठेव.

लोभ असावा, तोंड बंद असावं.
नानाय


मनिला, ५ मे

ती. नानायस न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसलो. मग पुन्हा वाचलं. त्यात त्या इंजिनिअरची सगळी सोय आहे, त्याचा शर्ट, त्याची खुर्ची. माझ्यासाठी एक ओळ नाही.

फिएस्टाला त्यालाच बोलाव. माझी त्याची ओळख नाही. मी येत नाही. रागावलो नाहीये, वाईट वाटलंय.

तातायला नमस्कार.
टोटो


गिंबाल, १८ मे

चि. टोटोस नानायचे आशीर्वाद, घेशील तर.

फिएस्टा झाली. डुक्कर छान भाजलं होतं, कातडी अगदी कुरकुरीत. तू का आला नाहीस म्हणून जो तो विचारी. मी म्हटलं, मोठ्या पुलाचं काम चालू आहे. झालं, पूल कुठे, केवढा, खांब किती. मी आपली बांधत सुटले. जेवणं होईतो पूल पार समुद्रात गेला होता.

पाहुणे गेल्यावर भांडी घासताना तुझ्या तातायने एवढंच विचारलं, की पोरगा पहाटे कामाला उठतो, तर झोपतो कधी? नसलेल्या पुलाचे खांब मला पाठ, आणि माझा मुलगा झोपतो कधी ते ठाऊक नाही. ताट तसंच पाण्यात सोडलं आणि खूप रडले.

काल चर्चमधली मिस्सा सुटून रस्ता माणसांनी भरला असताना मी फलक काढायला शिडीवर चढले. पुरिंगने खालून विचारलं, आणखी मोठा लावतेस की काय? मी म्हटलं, नाही, टोटो नापास झाला, पाव भाजतो, आणि माझ्यामुळे घरी आला नाही. मला वाटलं आता ही हसणार. ती शिडी धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, दरवर्षी काही ना काही येतं गं तिकडून, पोरगीच येत नाही. दोघी तिच्या पायरीवर बराच वेळ बसलो.

बाजारात मी पुन्हा लुझविमिंदा झालेय. सकाळी कोळणीने त्या नावाने हाक मारली तर वळून बघायचं सुचलं नाही.

सुटी मिळेल तेव्हा निघ. बोटीच्या धक्क्यावर मी येईन. लोभ असावा, राग सोडावा. काही होऊन येऊ नकोस रे, नुसता ये.

तुझी नानाय