उपासाला चालणारा पॅनकेक

तीर्थस्वरूप मंदाताईस,

धाकट्या हरिहरचा कोपरहून वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला कसा आहे? फोन करायचा सोडून पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडतेस आणि आमच्या घरातलं सगळं तुमच्या मजल्यावर ऐकू जातं, म्हणून हे कुरियरने पाठवतोय. एकटीने वाच. भाऊजींना दाखवू नकोस (माणूस सोन्यासारखा आहे, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही).

तर आपल्या हेमांगीचं. तिला कोलशेतचा तो अपूर्व पसंत पडला होता, हे तुला ठाऊक आहेच. दोघांचं चार-सहा वेळा भेटून बोलूनही झालं होतं. आता मुलाची आई, मंजुळाबाई, घरी येऊन आम्हाला बघणार होत्या. आम्हाला म्हणजे मला. कारण याआधीची दोन स्थळं माझ्या तोंडामुळे मोडली असं हेमांगीचं म्हणणं आहे. (पहिल्या मुलाला मी एवढंच विचारलं होतं, की पॉडकास्ट ठीक आहे, पण नोकरी कुठे? दुसऱ्याच्या वडिलांना काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.) या वेळी पोरीने आदल्या दिवशी माझ्यासमोर बसून सांगितलं, "बाबा, मला हा खरंच आवडलाय. उद्या प्लीज काही बोलू नका ना." तिचे डोळे भरले होते. आसावरी असती तर तिने मला नुसत्या नजरेने गप्प केलं असतं. ती गेल्यापासून आईचं ते काम पोरीवर पडलंय, याचं मला वाईट वाटतं. मी वचन दिलं. म्हणून तेव्हा जे बोललो नाही ते सगळं आता तुला ऐकावं लागणार.

पूर्वी अशा वेळी कांदेपोहे व्हायचे. दहा मिनिटांत प्रकरण इकडे किंवा तिकडे. आता म्हणे 'ब्रंच'. ब्रंच म्हणजे नाश्त्याला उशिरा आणि जेवणाला लवकर यायचं, आणि यजमानाने दोन्ही वेळांना उपाशी राहायचं. बरं, अपूर्वला गहू सोसत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गहू सोसत नाही तर घावन खा, तांदळाची भाकरी खा. नाही! हेमांगीने मोबाइलवर कुठेतरी 'ग्लुटेन-फ्री फ्रूट पॅनकेक' पाहिले होते. त्यासाठी पिठाचं पाकीट मागवलं. पाकिटावर डोंगर, उगवता सूर्य आणि एक हसरी बाई. (ती का हसत होती ते किंमत वाचल्यावर कळलं.) मी चष्मा लावून मागचं बारीक वाचलं, तर आत काय, राजगिरा, शिंगाडा आणि वरी! ताई, हेच पीठ आपली आई पितळी डब्यात 'उपासाचं' म्हणून वेगळं ठेवायची. त्या डब्यावर कधी सूर्य उगवला नाही.

शनिवारी रंगीत तालीम झाली. ताई, ते पीठ काही केल्या धरेना. तव्यावर घातलं की नीट पसरायचं, आणि उलथनं लावलं की चुरा. केळं कुस्करून घातलं तर चिकट चुरा. दूध वाढवलं तर पातळ चुरा. तीन तास आम्ही तो चुरा खाल्ला आणि पोरगी रडकुंडीला आली. मी सुचवलं की पीठ रात्रभर भिजवून ठेव, आपोआप मिळून येईल. तिने नाक मुरडलं, पण भिजवलं मात्र. रविवारी सकाळी तिने मला फळं आणायला स्टेशनकडे पिटाळलं. स्ट्रॉबेरी, किवी, ब्लूबेरी. (ब्लूबेरी म्हणजे अंगात जीव नसलेलं करवंद. ती नसली तरी चालेल असं मी परस्पर ठरवलं आणि दोन केळी जास्त आणली.) परत येतो तो काय, तव्यावर एक पॅनकेक अखंड, गोल, फुगलेला! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. रात्रभर भिजवण्याचा सल्ला माझा, त्यामुळे हे यशही माझंच, असं मी धरून चाललो.

साडेअकराला ती मंडळी आली. अपूर्वने आल्या आल्या बूट काढले, हात धुतले आणि "काका, तुम्ही बसा, आम्ही करतो," म्हणत थेट स्वयंपाकघरात. मुलगी बघायला आलेला मुलगा, आमचाच अ‍ॅप्रन बांधून, आमच्याच तव्यावर उलथनं फिरवतोय! मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाहेर उरलो मी आणि मंजुळाबाई. बाईंनी कोलशेतच्या त्यांच्या इमारतीचं वर्णन केलं: पोहण्याचा तलाव, चालायला वेगळा रस्ता, खिडकीतून खाडी. कोपरलाही खाडी आहे आणि ती बघायला चोविसावा मजला लागत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. मग त्या म्हणाल्या, "मला फक्त चहा. आज संकष्टी आहे ना."

इथे माझी जीभ सुटली. गप्प राहून राहून ती सुटणारच होती. मी म्हटलं, अहो, मग घ्याच! सगळं उपासाचं आहे. राजगिरा, शिंगाडा, वरी, फळं. माझीही संकष्टीच आहे. अगदी निःशंक घ्या. आणि त्यांना विश्वास वाटावा म्हणून मी स्वतः दोन खाल्ले. (हेमांगीचं जमेपर्यंत संकष्टी धर असं तूच सांगितलं होतंस. हे पोरीला माहीत नाही. कळलं तर ती नवसाला आणि मला एकदमच घराबाहेर काढील. 'महिन्यातून एकदा पोटाला विश्रांती' एवढंच तिला सांगून ठेवलंय, आणि त्या दिवशी पाहुण्यांबरोबर खायला हवं म्हणून तीही तिने मोडायला लावली.) बाईंनीही एक घेतला. पहिला घास घेऊन जराशा थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि मग सावकाश सगळा संपवला.

केळ्याची साल टाकायला मी आत गेलो. ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, तर वरच तीन अंड्यांची टरफलं. ताई, माझ्या पायाखालची फरशी सरकली. मला स्टेशनकडे पिटाळलं होतं ते फळांसाठी नव्हे. भिजवण्याने काही मिळून आलेलं नव्हतं. जिथे कधी अंडं शिरलं नाही त्या आपल्या घरात, संकष्टीला, नवसाच्या उपासात मी अंडी खाल्ली होती आणि होणाऱ्या विहीणबाईंना आग्रह करकरून खायला घातली होती.

बाहेर येऊन सांगायलाच हवं होतं. आयुष्यभर नको तिथे बोललो आणि आता बोलण्यासारखं काही होतं. तेवढ्यात मंजुळाबाईंनी बशी पुढे केली, "अजून एक चालेल." आणि आतून हेमांगीच्या हसण्याचा आवाज आला. अपूर्वने एक पॅनकेक हवेत उडवला होता आणि तो शेगडीमागे पडला होता. आसावरी गेल्यापासून ती अशी मोठ्याने हसलेली मी ऐकली नव्हती. ताई, मी गप्प बसलो. त्यांच्या बशीत एक वाढला, आणि त्यांना शंका येऊ नये म्हणून माझ्याही बशीत एक वाढून घेतला. वरून मध.

जमलं. होकार संध्याकाळीच आला. साखरपुड्याची तारीख कळवीनच. थोरली म्हणून तुला आधी येऊन बसायचंय. पॅनकेकबद्दल माझं मत विचारशील तर अत्यंत फालतू प्रकार. घावनाला गर्व झाला की त्याचा पॅनकेक होतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
हरिहर

ता.क. खरं तर पत्र यासाठी लिहिलं. तुझ्या ओळखीच्या गुरुजींना विचारशील का, की नवसाच्या शेवटच्या संकष्टीला असं झालं आणि त्याच दिवशी काम झालं, तर नवस पावला असं धरायचं की पुन्हा पहिल्यापासून? माझं नाव घेऊ नकोस. डोंबिवलीचे एक गृहस्थ म्हण. नको, ते फार जवळ पडतं, ठाण्याचे म्हण.

दुसरा ता.क. पाकीट बंद करणार तोच मंजुळाबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "हरिहरराव, तुम्हाला म्हणून विचारते, पोरांना कळू देऊ नका. अंडी किती घातली होती? मी काल दोन घालून केले, ते मोडले." पहिल्याच घासाला त्यांना कळलं होतं, ताई. पोराचं जमत होतं म्हणून त्याही गिळून बसल्या होत्या.

मी सांगितलं, तीन. आणि केळं चांगलं पिकलेलं घ्या.